कुंपणानं शेत खाऊ नये म्हणून



या मालिकेत आपण आतापर्यंत लढाया, किल्ले आणि तह यांच्याबद्दल बोलत आलो. आज मी शेताच्या कुंपणावर बोलणार आहे, आणि तेही पुराच्या पाण्यात टिकणाऱ्या कुंपणावर. कर्नलसाहेब किल्ले सोडून शेताच्या बांधावर कसे उतरले, असं काहींना वाटेल. पण थोडा धीर धरा. या गोष्टीत टिपू सुलतान आहे, हरिपंत फडके आहेत, दिवाण पूर्णय्या आहेत, आणि आपल्या माठात घालतो ते वाळ्याचं गवतही आहे.

माझी सगळी नोकरी अभियंता दलात झाली. आमच्या दलाची दोन मुख्य कामं. शत्रूच्या वाटेत अडथळा उभा करायचा, आणि आपल्या माणसांसाठी शत्रूच्या अडथळ्यातून वाट काढायची. त्यामुळे निवृत्तीनंतर म्हैसूरला येऊन राहिलो तरी सवय जात नाही. कुठंही तारेचं कुंपण दिसलं की माझी नजर आधी खांबाच्या बुंध्याकडे जाते.

२०१९ चा ऑगस्ट

ऑगस्ट २०१९ तुम्हाला आठवत असेल. सांगली आणि कोल्हापूर पाण्याखाली होती. शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं रिकामी करावी लागली. त्याच आठवड्यात इकडे वायनाडच्या डोंगरात तुफान पाऊस झाला. पुथुमला इथं दरड कोसळली. वायनाडचं ते पाणी कबिनी नदीतून म्हैसूर जिल्ह्यात उतरतं, कबिनी धरणात येतं आणि तिथून नंजनगूडवरून पुढे टी. नरसीपूरला कावेरीला मिळतं. धरणातून मोठा विसर्ग सोडावा लागला आणि म्हैसूर-नंजनगूड रस्त्यावर पाणी चढून वाहतूक बंद झाली. आदल्या वर्षीही, म्हणजे २०१८ मध्ये, असंच झालं होतं.

पाणी ओसरल्यावर मी नंजनगूडच्या बाजूला दोन-तीन गावांत जाऊन आलो. आपल्याकडे लाकडी किंवा सिमेंटचे खांब असतात, इकडे ग्रॅनाइटचे चिरलेले दगडी खांब लावतात. त्यांना कन्नडमध्ये ‘कल्लु कंब’ म्हणतात. दिसायला अगदी भक्कम. पण नदीकाठच्या शेतांत हे खांब ओळीनं आडवे झाले होते. तारांमध्ये उसाचं पाचट, जलपर्णी, बांबूचे तुकडे, प्लास्टिक, एका ठिकाणी तर अख्खं केळीचं झाड अडकलेलं होतं. आणि गंमत म्हणजे जिथं कुंपण मोडलं नव्हतं, तिथं शेताचं नुकसान जास्त होतं. कचऱ्यानं तुंबलेलं कुंपण बंधाऱ्यासारखं उभं राहिलं, पाणी एका टोकाला वळलं, आणि त्या टोकाशी त्यानं कंबरभर खोल घळ पाडली. वरची सुपीक माती गेली ती गेलीच.

तिथल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं मला एक कन्नड म्हण ऐकवली. ‘बेलीये एद्दु होल मेय्दंते’. बेली म्हणजे कुंपण, होल म्हणजे शेत. कुंपणानंच उठून शेत चरावं तसं. आपली ‘कुंपणच शेत खातं’ ही म्हण इकडे जशीच्या तशी आहे. आपण ती लाचखोर अधिकाऱ्यांबद्दल वापरतो. तो बिचारा अक्षरशः खऱ्या अर्थानं वापरत होता.

मग तो म्हणाला, “सार, नीरिगे दारी बिडबेकु.” पाण्याला वाट सोडायला हवी. आजच्या भाषणाचं सार तेवढंच आहे. बाकी मी सांगणार आहे तो त्या एका वाक्याचा इतिहास.

तार मोडत नाही, कचरा मोडतो

इतिहासाकडे जाण्यापूर्वी थोडं गणित करू. हिशेब ढोबळ आहे, पण त्यातून मुद्दा कळतो.

वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. सेकंदाला दोन मीटर, म्हणजे ताशी सात किलोमीटर वेगानं येणारं पाणी समोरच्या सपाट वस्तूवर दर चौरस मीटरला साधारण २०० किलो जोर लावतं. आता कुंपण घ्या. दोन खांबांमध्ये तीन मीटर अंतर, पाच तारा, प्रत्येक तार अडीच मिलिमीटर जाडीची. या पाचही तारांचं पाण्यासमोरचं क्षेत्रफळ किती? चौरस मीटरचा पंचविसावा भागसुद्धा नाही. म्हणजे जोर आला साडेसात किलो. एखादं लहान मूल तारेला लोंबकळलं तरी याहून जास्त वजन पडेल.

पण त्याच पाच तारांत पाचट आणि जलपर्णी अडकली की कुंपणाची भिंत होते. उंची सव्वा मीटरच्या आसपास धरली तर पावणेचार चौरस मीटरची भिंत. जोर गेला सातशे किलोंच्या वर. जवळजवळ शंभरपट! आणि हा जोर ज्या खांबावर येतो, तो खांब आठ दिवस भिजून लोणी झालेल्या मातीत उभा असतो. दगडाचा असो, सिमेंटचा असो, तो आडवा होणारच. शिवाय खांबाच्या बुंध्याशी पाणी भोवरा करतं आणि माती उकरून नेतं.

म्हणून ‘जास्त मजबूत खांब लावा, जास्त तारा ओढा, जाळी बसवा’ हा उपाय पुराच्या बाबतीत उलटा पडतो. जाळी तर सगळ्यात वाईट. ती कचरा धरण्यासाठीच बनवली आहे असं वाटावं, इतका कचरा धरते.

सैन्यात अडथळा उभारण्यापूर्वी आम्ही दोन प्रश्न विचारायचो. कोणाला अडवायचं आहे? आणि कोणाला जाऊ द्यायचं आहे? शेतकऱ्याला डुक्कर, गुरं, कधी हत्ती अडवायचा असतो. पाण्याला अडवायचं नसतं. पण तारेचं कुंपण लावताना दुसरा प्रश्न कोणी विचारतच नाही. जुन्या लोकांनी तो विचारला होता. आता त्यांच्याकडे जाऊ.

श्रीरंगपट्टणचं काटेरी कुंपण

म्हैसूरपासून श्रीरंगपट्टण गाडीनं अर्ध्या तासावर. कावेरीच्या दोन फाट्यांमधलं बेट. पर्यटक किल्ला बघतात, दरिया दौलत बाग बघतात, टिपूची कबर बघतात. पण टिपूच्या संरक्षणातला एक मोठा भाग आज दिसत नाही, कारण तो झाडांचा होता. नदीच्या उत्तर तीरावर सुमारे तीन मैल लांबीचा प्रदेश एका जिवंत कुंपणानं वेढलेला होता. बांबू, घायपातीसारख्या वनस्पती आणि काटेरी झुडपं यांचा तो रुंद पट्टा. इंग्रज त्याला ‘बाउंड हेज’ म्हणत. १७९२ च्या मोहिमेत असलेल्या मेजर अलेक्झांडर डिरोम यानं १७९३ मध्ये आपला वृत्तान्त छापला, त्यात या कुंपणाचं वर्णन आहे. बंगळूरच्या पेठेभोवतीही असाच काटेरी पट्टा होता आणि मार्च १७९१ मध्ये इंग्रजांना त्यातून लढून आत शिरावं लागलं होतं.

यात मराठ्यांचा काय संबंध? पुष्कळ. ही तिसरी इंग्रज-म्हैसूर लढाई. त्यात पेशवे आणि निजाम इंग्रजांच्या बाजूला होते. मे १७९१ मध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणच्या दारात पोचला. १५ मे रोजी अरकेरेला लढाई झाली. पण पाऊस लवकर आला, कावेरी चढू लागली, बैल मेले, धान्य संपलं. त्याला स्वतःच्या मोठ्या तोफा स्वतःच नष्ट करून मागे फिरावं लागलं. त्याच सुमारास मेलुकोटेच्या बाजूनं हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा येऊन भेटल्या. मराठ्यांच्या लष्करी बाजारात धान्य होतं. ते महाग होतं, पण होतं! त्यावर इंग्रजांचं सैन्य तगलं.

पुढच्या वर्षी कॉर्नवॉलिस पाऊस संपल्यावर आला. ६ फेब्रुवारी १७९२ च्या रात्री त्याच्या तीन तुकड्या तोफा न घेता, पायदळ घेऊन त्या काटेरी कुंपणातून आत घुसल्या. मार्चमध्ये तह झाला आणि टिपूचं अर्धं राज्य गेलं.

आता अडथळ्यांचा अभ्यास करणारा माणूस म्हणून मला इथं काय दिसतं ते सांगतो. टिपूचे अडथळे दोन प्रकारचे होते. जमिनीवर काटेरी कुंपण, जे घोडदळ आणि तोफा थोपवायचं. आणि पात्रात स्वतः नदी. कुंपण काठावर, उंच जमिनीवर होतं. ते पात्रातून ओढलेलं नव्हतं. पावसाळ्यात नदीच भिंत व्हायची आणि उन्हाळ्यात ती भिंत उतरायची. १७९१ ला पाण्यानं टिपूला वाचवलं. ४ मे १७९९ ला कावेरी उतरलेली होती, इंग्रज सैनिक खडकाळ पात्रातून चालत पलीकडे गेले आणि श्रीरंगपट्टण पडलं. आणखी काही आठवडे गेले असते तर नदी भरली असती.

जिथं नदी आहे तिथं कुंपण उभारायचं नाही, नदीलाच कुंपण समजायचं. ही त्या मांडणीतली पहिली शहाणपणाची गोष्ट.

पूर्णय्यांचा पूल

टिपू पडल्यावर म्हैसूरचा कारभार दिवाण पूर्णय्यांकडे आला. पूर्णय्या देशस्थ ब्राह्मण. हैदरअलीकडे, मग टिपूकडे, आणि मग वडियार घराण्याच्या बालराजाच्या वतीनं कारभार पाहणारे, असा विलक्षण माणूस. त्यांच्यावर एक स्वतंत्र भाग करायचा आहे, म्हणून आज फक्त त्यांच्या एका कामाबद्दल बोलतो. १८०४ च्या सुमारास त्यांच्या देखरेखीखाली श्रीरंगपट्टणला कावेरीवर एक दगडी पूल पूर्ण झाला. गव्हर्नर जनरल वेलस्लीचं नाव त्याला दिलं.

तुम्ही कधी गेलात तर हा पूल खाली उतरून बघा. त्याला कमानी नाहीत. दगडी खांबांच्या रांगा, त्यांच्यावर दगडी तोडे, तोड्यांवर दगडी तुळया. देवळाच्या मंडपाचं बांधकाम जसंच्या तसं नदीत उतरवलेलं. खांब बारीक आणि पुष्कळ. पाण्याला आडवं येणारं भिंताड कुठंच नाही. १९२४ च्या जुलैमध्ये कावेरीला आणि केरळातल्या नद्यांना जो महापूर आला, तो दक्षिणेत अजून दंतकथेसारखा सांगतात. केरळात त्याला त्यांच्या कोल्लम वर्ष १०९९ वरून ‘नव्व्याण्णवचा पूर’ म्हणतात. त्या वेळी कृष्णराजसागर धरणाचं काम चालूच होतं. तो पूर आणि त्यानंतरचे कितीतरी पूर या पुलाच्या अंगावरून गेले. पूल अजून उभा आहे.

पूल आणि कुंपण यांत फरक आहे, हे मला मान्य. पुलाला अडवायचं काहीच नसतं. पण पाण्यापुढे उभं कसं राहायचं, हा प्रश्न दोघांचाही एकच. पाण्याला दाखवायचा अंगाचा भाग जितका कमी, तितकं आयुष्य जास्त.

ह्यूम साहेबाचा बांध

जिवंत कुंपणाचा सगळ्यात अचाट प्रयोग मात्र उत्तरेत झाला. मिठावरचा कर चुकवून मीठ नेलं जाऊ नये म्हणून इंग्रजांनी सिंधू नदीपासून मध्य भारतापर्यंत एक जकातीची रेषा आखली. आपल्या ओळखीच्या बुऱ्हाणपूरच्या मुलखापर्यंत ती खाली येत होती. १८६७ पासून काही वर्षं तिचा प्रमुख होता ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. होय, १८८५ च्या काँग्रेस स्थापनेतला तोच ह्यूम. त्याच्या आधी तिथं वाळलेल्या काट्यांची वई असायची. ती वाळवी खायची, वणव्यात जळायची, वाऱ्यानं उडायची. ह्यूमनं ठरवलं की कुंपण जिवंत हवं. बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग, जिथं जे रुजेल ते लावलं. १८७८ च्या सुमारास ४११ मैल उत्तम हिरवं कुंपण तयार होतं. १ एप्रिल १८७९ रोजी ही रेषा बंद झाली आणि बघता बघता कुंपण नाहीसंही झालं.

त्या कुंपणाचा हेतू वाईटच होता. गरिबाच्या भाकरीवरचं मीठ अडवणारं कुंपण! पण बांधणाऱ्यानं एक गोष्ट नेमकी ओळखली होती. जिथं पाणी साचतं किंवा पूर येतो, तिथं त्यानं आधी मातीचा उंच बांध घातला आणि त्यावर झाडं लावली. म्हणजे आधी पाण्याचा विचार, मग कुंपणाचा.

गुंडलुपेटचा वाळा

आता आजच्या विषयाच्या गाभ्याकडे येतो. म्हैसूरहून उटीला जाताना नंजनगूड ओलांडलं की पुढे गुंडलुपेट लागतं. म्हैसूरपासून साधारण साठ किलोमीटर. १९९७ मध्ये चामराजनगर जिल्हा वेगळा झाला, तोपर्यंत हा तालुका म्हैसूर जिल्ह्यातच होता.

१९८० च्या दशकात जागतिक बँकेचे शेतीतज्ज्ञ रिचर्ड ग्रिमशॉ आणि जॉन ग्रीनफिल्ड भारतात जमिनीची धूप थांबवण्यावर काम करत होते. ग्रीनफिल्ड यांनी १९५० च्या दशकात फिजी बेटांवर उसाच्या शेतात वाळ्याच्या ओळी लावून माती धरून ठेवली होती. तोच वाळा भारतात लोकांना पटवून द्यायचा, असा त्यांचा विचार. आणि गुंडलुपेटच्या भागात आल्यावर कळलं की इथले शेतकरी शंभर वर्षांहून अधिक काळ आपल्या शेतांच्या हद्दीवर वाळ्याच्या ओळी राखून आहेत. कोणी शिकवलं नव्हतं, कुठली योजना नव्हती. बापानं लावलेली ओळ मुलानं राखायची. १९९३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनं वाळ्यावर एक पुस्तकच काढलं आणि जगभर या गवताची चर्चा झाली. ज्यांच्या शेतात तो आधीपासून होता, त्यांच्या हे गावीही नव्हतं.

वाळ्याला कन्नडमध्ये ‘लावंच’ म्हणतात. आपण त्याची मुळं माठात टाकतो, उन्हाळ्यात ताट्या करून दारात लावतो. पण शेतात त्याचं खरं काम मातीच्या खाली चालतं. त्याची मुळं आडवी पसरत नाहीत, सरळ खाली तीन-तीन मीटर जातात. त्यामुळे शेजारच्या पिकाचं खाणं तो पळवत नाही. वर ताठ, दाट काड्यांची ओळ. एकमेकांना चिकटून लावलेली बेटं दोन-तीन वर्षांत जुळली की पाणी त्यातून गाळून जातं. वेग मंदावतो, माती ओळीच्या मागे बसते, पाणी पुढे पसरून निघून जातं. गाळ साठला की वाळा त्या गाळातून पुन्हा वर फुटतो. अनेक दिवस पाण्याखाली राहिला तरी मरत नाही. आणि दक्षिणेतला लागवडीचा वाळा बियांनी पसरत नाही, त्यामुळे तणासारखा शेतात घुसत नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. गुंडलुपेटचा भाग पर्जन्यछायेतला. तिथला वाळा नदीच्या पुरासाठी नव्हता. उतारावरून धावणाऱ्या पावसाच्या पाण्यासाठी आणि हद्द दाखवण्यासाठी होता. पण १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये पूरमैदानातल्या शेतांवर वाळ्याच्या ओळींचे प्रयोग झाले आणि पसरट, मंद पुरात त्या उपयोगी ठरल्या. म्हणजे कबिनीकाठच्या मळईत किंवा कृष्णाकाठच्या मळीच्या रानात ही ओळ चालण्यासारखी आहे. मुख्य पात्राच्या धारेत मात्र कोणतीच वनस्पती लावून उपयोग नाही.

मग तार आली

ही शहाणपणाची रीत मागे का पडली? १८७४ मध्ये अमेरिकेत जोसेफ ग्लिडन याला काटेरी तारेचं पेटंट मिळालं. जिवंत कुंपणाला चार पावसाळे लागतात, तार एका दिवसात ओढून होते. जागाही कमी खाते. त्यातच आपल्याकडे फड्या निवडुंगाची कुंपणं रानभर पसरून डोकेदुखी झाली होती. १९२६ मध्ये दक्षिण भारतात कोचिनील जातीचा किडा सोडला गेला आणि बहुतेक निवडुंग संपला. तण गेलं हे चांगलंच झालं, पण त्याबरोबर ‘कुंपण म्हणजे झाड’ ही कल्पनाही पातळ झाली.

तारेला मी नावं ठेवत नाही. माझं आयुष्य तिच्याबरोबर गेलं. पण तार ही कोरड्या, मोकळ्या माळरानासाठी निघालेली वस्तू आहे. नदीकाठी ती लावायची तर तिला नदीकाठचे नियम शिकवावे लागतात.

आज काय करता येईल

पाच मुद्दे सांगतो. सैनिकी सवयीनं क्रमवार.

पहिला, जागा. कुंपण पात्राच्या काठाला चिकटून लावू नका. मागच्या मोठ्या पुरात कचऱ्याची रेषा झाडांवर कुठपर्यंत आली होती ते बघा. त्या रेषेच्या वर मुख्य कुंपण, आणि खाली गवताची, बांबूची, वाळ्याची पट्टी. तेवढं शेत गेलं असं वाटेल. पण दर दोन वर्षांनी वाहून जाणारं कुंपण त्याहून जास्त खातं.

दुसरा, दिशा. कुंपण शक्यतो पाण्याच्या प्रवाहाला समांतर न्या. आडवं जावंच लागलं तर तेवढ्या भागात तारा कमी ठेवा, काट्याऐवजी साधी तार वापरा, सगळ्यात खालची तार जमिनीपासून वर घ्या. जाळी नको.

तिसरा, मोडायची जागा आपण ठरवायची. घरात विजेचा फ्यूज असतो, तो जळतो म्हणून घर वाचतं. आडव्या भागाच्या दोन्ही टोकांना भक्कम कोपऱ्याचे खांब द्या आणि मधला भाग त्यांना कच्च्या तारेनं बांधा. जोर आला की मधला तुकडा सुटून एका बाजूला लोळेल, बाकीचं कुंपण उभं राहील. पाऊस गेला की तो तुकडा उचलून पुन्हा बांधा. काहींना हे कमीपणाचं वाटतं. काश्मीरमध्ये नियंत्रण रेषेवर २००४ च्या सुमारास आपण जे मोठं कुंपण पूर्ण केलं, त्याचा बराच भाग दर हिवाळ्यात बर्फाखाली मोडतो आणि दर उन्हाळ्यात जवान तो पुन्हा उभा करतात. दुरुस्ती हा तिथं आराखड्याचाच भाग आहे.

चौथा, ओढा. कुंपण सगळ्यात आधी तुटतं ते ओढा ओलांडताना. तिथं खांब रोवूच नका. ओढ्याच्या दोन्ही काठांवर, पाण्याबाहेर, एकेक दणकट खांब किंवा झाड घ्या. वरून एक जाड तारदोर ताणा आणि त्याला बांबू किंवा पाइप सुटे सुटे लोंबकळत ठेवा, पडद्यासारखे. एरवी ते डुकराला अडवतात. पाणी आलं की उचलले जातात, कचरा खालून निघून जातो, पाणी उतरलं की परत जागेवर. ही कल्पना परदेशी वाटेल, पण गोव्यात जा. खाजन शेतीच्या बांधांमध्ये ‘मानस’ नावाचं दार असतं. लाकडी झडप, भरतीच्या पाण्यानं आपोआप मिटते, ओहोटीला आपोआप उघडते. शेकडो वर्षं गोंयकार शेतकरी पाण्याकडूनच दाराची हालचाल करवून घेत आले आहेत. दार तेच, फक्त आपल्याला ते ओढ्यावर टांगायचं आहे.

पाचवा, वीज. म्हैसूर आणि चामराजनगर भागात जंगलाला लागून शेती आहे. हत्ती आणि रानडुकरांसाठी सौर कुंपण अनेकांनी लावलं आहे. त्याचं यंत्र पूररेषेच्या वर बसवा, खालची तार स्वतंत्रपणे बंद करता येईल अशी जोडणी करा, आणि पाणी चढण्याआधी ती बंद करा. घरची वीज थेट तारेत सोडणं हा गुन्हा आहे. त्यानं हत्ती मरतात, माणसंही मरतात. पुराच्या पाण्यात तर त्या तारेजवळ गेलेला शेजारी परत येणार नाही.

हत्तीचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. हत्ती रोखायला इथं खोल चर खणतात. पावसात त्यांच्या कडा ढासळतात, गाळ भरतो, आणि हत्ती नेमका तिथून उतरतो. नागरहोळेच्या कडेला जुन्या रेल्वे रुळांचे अडथळे बसवले, ते मजबूत आहेत. पण डिसेंबर २०१८ मध्ये ते ओलांडताना अडकून एक हत्ती मेला. म्हणजे नुसत्या ताकदीनं प्रश्न सुटत नाही. समोर कोण येणार आहे आणि तो कसा वागतो, हे आधी बघावं लागतं. मग तो हत्ती असो नाही तर नदी.

वाळ्याबद्दलही दोन इशारे. पहिली दोन वर्षं कोवळा वाळा गुरं खातात, तेव्हा राखण लागते. ओळीत फट राहिली तर सगळं पाणी त्या फटीतून घुसतं आणि घळ पडते, म्हणून पहिल्या पावसानंतर ओळ चालत जाऊन फटी भरा. आणि सुगंधी मुळांच्या लोभानं ही ओळ खणू नका. मुळं विकायची असतील तर त्यासाठी वेगळा तुकडा लावा. शिवाय वाळा डुक्कर अडवत नाही. तो माती आणि हद्द राखतो. जनावरांसाठी त्याच्या मागे, उंचावर, तारेचं कुंपण लागेलच.

हद्द

हद्द म्हटलं म्हणून शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा.

पूर आल्यावर पीक जातं, त्याची भरपाई थोडीफार मिळते. पण कुंपण वाहून गेलं, बांधावर फूटभर गाळ बसला, हद्दीचा दगड कुठं गेला कळेना, की दोन भावांत किंवा दोन शेजाऱ्यांत जो वाद सुरू होतो तो पाण्याबरोबर ओसरत नाही. बांधावरून किती पिढ्या कोर्टात गेल्या, हे महाराष्ट्रातल्या माणसाला मी सांगायला नको. मोजणीचे नकाशे असतात, पण मोजणी येईपर्यंत पेरणीची वेळ निघून जाते. तोपर्यंत नांगर एक तास इकडे सरकतो, एक तास तिकडे.

गुंडलुपेटच्या शेतकऱ्यांनी वाळा निवडला तो माती धरायला, पण तितकाच हद्द सांगायला. तीन मीटर खोल गेलेली मुळं कोणी एका रात्रीत सरकवू शकत नाही. वरून गाळ आला तर ती ओळ गाळातून पुन्हा उगवून सांगते, हद्द इथंच आहे. हद्दीचा खांब पडला तर साक्षीला माणूस शोधावा लागतो. ही ओळ स्वतःच साक्ष देते.

तेव्हा एक विनंती. तुमचं शेत कृष्णेच्या, पंचगंगेच्या, गोदावरीच्या, कबिनीच्या नाही तर आणखी कोणत्याही नदीच्या काठावर असेल, तर येत्या मृगाच्या आधी एकदा कुंपणाच्या कडेनं चालत जा. मागच्या पुराची रेषा बघा. जिथं कुंपण प्रवाहाला आडवं जातं तिथं खूण करा. तेवढ्याच भागात यंदा बदल करा. सगळं कुंपण बदलायची गरज नाही. आणि शेजाऱ्याला बरोबर घ्या. नदी दोघांच्या शेतातून जाते. एकानं अडवलेलं पाणी दुसऱ्याच्या रानात शिरतं, आणि दोघांनी मिळून लावलेल्या वाळ्याच्या ओळीवर पुढे भांडण होत नाही.

पुढच्या भागात दिवाण पूर्णय्यांबद्दल बोलू. तीन राजवटी पाहिलेल्या या माणसाची गोष्ट सविस्तर सांगायची आहे.

जय हिंद.